धारेचा हिशोब

ऑगस्टात बाहेर जंगलात ब्लूबेरी पिकतात
आणि आत मी बर्फ घालते.
पाण्याचे पातळ थर, एकावर एक, रात्रभर,
भिंतीला चुना द्यावा तसे.
मग रेघा: दोन निळ्या, मधली लाल.

कागदाच्या गिरणीचा भोंगा
आणि माझ्या सहाणेचं चाक,
दोघांचा सूर एकच, असं माझा नवरा म्हणायचा.
त्याला दोन्ही आवडत नसत.

स्केट्सचे तेवीस जोड. प्रत्येकाची धार मला पाठ.
सिक्स्टेन गोलात उभा राहतो, त्याला बोथट हवी,
आडवं घसरता आलं पाहिजे.
मेल्केर एकोणीस वर्षांचा, वरच्या लीगने उसना दिलेला,
त्याला वस्तऱ्यासारखी.
वळताना बर्फ ओरडला पाहिजे, म्हणतो.
हाल्वार कप्तान, छत्तीस संपलेला,
डाव्या पायाची आतली कड जराशी मारून मागतो.
का, ते तो सांगत नाही, मी विचारत नाही.
जिना उतरताना गुडघाच सांगतो.

सप्टेंबरात सलग पाच जिंकलो.
लोक म्हणायला लागले, "वर."
नुसतं "वर", लीगचं नाव न घेता,
आजारी माणसापुढे रोगाचं नाव घेत नाहीत तसं.

नोव्हेंबरात दिवस तीनलाच मिटला
आणि आम्ही हरायला लागलो.
नऊ तास उत्तरेकडे बस,
रस्त्यात रेनडिअर, उतरून हाकलले.
एक-सहा.
नऊ तास परत.
कुणी पत्ते काढले नाहीत.
माझा कॉफीचा थर्मास हातोहात मागे गेला
आणि हातोहात रिकामा परत आला.
त्या दिवशी नीट झालेलं पासिंग तेवढंच.

जानेवारीत मेल्केरला परत बोलावलं.
दुपारी फोन, संध्याकाळी त्याचा खण रिकामा.
त्याची धार माझ्या हातात मात्र राहून गेली.
दुसऱ्या दिवशी सिक्स्टेनच्या स्केट्सना तीच लागली
आणि तो सरावात उताणा पडला.
हसले सगळे. बऱ्याच दिवसांनी.

शेवटच्या सामन्याला तीन हजारांच्या हॉलमध्ये नऊशे माणसं.
ढोलवाल्याला ताप, म्हणून त्याची बायको वाजवत होती,
ठेका चुकवत, पण जोरात.
हरलो असतो तर खालच्या फेरीत.
दोन-एक, चाळीस सेकंद उरलेले,
आणि हाल्वारने चकती तोंडाने अडवली.

चौदा संघांत अकरावे.
वर नाही, खाली नाही.
पेपरात चार ओळी, त्यातली एक पार्किंगबद्दल.
बाहेर पडताना एका म्हाताऱ्याने मला अडवलं:
पुढच्या हंगामाचे पास कधीपासून?

एप्रिलात कॉम्प्रेसर बंद केले.
इतके महिने केवढा आवाज होता, ते तेव्हा कळतं.
निळ्या रेघा लालमध्ये उतरल्या,
जांभळं पाणी गटाराकडे निघालं,
आणि तळाशी राहिलं ते मी झाडून गोळा केलं:
एक नाणं, एक केसातली पिन, तुटका बकल,
अर्धा दात.
दात काडेपेटीत ठेवला.

मे महिन्यात हाल्वार आला.
खांद्यावर पिशवी नाही, हातात वर्तमानपत्राची गुंडाळी.
आत मासे सोलायची सुरी, त्याच्या बापाची.
गिरणीत पाळी मिळालीय म्हणाला, सोमवारपासून.
"हिला लागेल का धार?"

चाक फिरवलं.
ठिणग्या त्याच्या बुटांपर्यंत गेल्या, तो हलला नाही.
डाव्या बाजूला माझा हात आपोआप हलका झाला.

त्याने अंगठ्याच्या नखावर पाहिली,
बावन्न सामने पाहत आला तशीच.
नखाचा पांढरा कीस निघाला.
"जास्त झाली," म्हणाला.

"हिला कुठे वळायचंय," मी म्हटलं.

तो हसला तेव्हा ती फट दिसली.
काडेपेटी समोरच होती, फळीवर, तेलाच्या डब्यामागे.
द्यायची राहूनच गेली.